घातलेल्या घड्या मोडणारे भाऊजी

लिही. आज माझ्या धाकट्या दिराचं सांगणार आहे, म्हणजे तुझ्या आजोबांच्या पाठच्या भावाचं. मी त्यांना जन्मभर भाऊजी म्हटलं, दवाखान्यात सगळे मामा म्हणायचे, त्यामुळे नावावाचून कधी काही अडलं नाही. आणि मी बोलते तसंच लिही. मागच्या वेळी माझ्या तोंडी असले पुस्तकी शब्द घातलेस की तू वाचून दाखवलंस तेव्हा मला वाटलं, ही कुठली बाई बोलतेय.

आधी हे लिही की भाऊजी साधे नव्हते. माणूस गेला की लोक म्हणतात, फार साधा होता हो. भाऊजींना असं कुणी म्हटलं असतं तर ते उठून बसले असते. उंच, छाती पुढं, आणि मिशी अशी राखलेली की तिच्यासाठी खिशात वेगळा कंगवा. आरसा दिसला की पाय थांबलाच. मी म्हणायचे, "भाऊजी, त्या आरशाला जरा सुट्टी द्या." तर म्हणायचे, "वहिनी, त्यालाही कधीतरी काही चांगलं बघू दे की." बोलायला लागले की ऐकणाऱ्याचे कान किटायचे. आणि तरी सांगते, इतकं गप्प राहता येणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. हे दोन्ही एकाच अंगात कसं मावत होतं ते मला अजून कळलेलं नाही.

आम्ही दोघं सरकारी दवाखान्यात कामाला. मी सफाईला, ते धुलाईत. धुलाई म्हणजे मागच्या अंगाला एक लांबच लांब खोली. आत एवढी वाफ की जोडीदार समोर उभा आहे की घरी गेलाय ते हाक मारल्याशिवाय कळायचं नाही. वॉर्डातल्या, ऑपरेशनच्या, सगळ्या चादरी तिथं यायच्या. आणि मोठ्या चादरीची घडी दोघांनीच घालावी लागते. दोन टोकं एकाकडं, दोन दुसऱ्याकडं. ताणायची, झटकायची, मग चालत एकमेकांच्या जवळ यायचं, आपली टोकं समोरच्याच्या हातात द्यायची, खाली लोंबलेला भाग उचलायचा आणि परत मागं सरकायचं. भाऊजी वर्षानुवर्षं तेच करत होते. पुढं यायचं, मागं जायचं.

माझं काम पुढच्या बाजूला, जिथं अपघाताचे आणि मारामारीचे पेशंट आणतात. तिथं दाराबाहेर व्हरांडा होता. एका बाजूला बाक, एका बाजूला खिडक्या, आणि टोकाला गेटकडं जाणारी पायरी. आत कुणाच्या पोराला टाके घालतायत आणि बाहेर त्याचे भाऊ, काका, मित्र. आधी रडारड. मग सगळे एकदम गप्प. ती शांतता वाईट. मग कुणाचा तरी फोन वाजायचा, तो कोपऱ्यात जाऊन दबक्या आवाजात बोलायचा, बाकीचे मान हलवायचे, आणि बघता बघता व्हरांडा रिकामा. बाकावर आई तेवढी उरायची. कुठं गेले ते मला कळायचं. सगळ्यांनाच कळायचं. दिवस मावळायच्या आत दुसऱ्या बाजूचा कुणीतरी स्ट्रेचरवर यायचाच. एकदा तर सकाळी एकाचं रक्त पुसलं त्याच फरशीवर संध्याकाळी दुसऱ्याचं पुसलं. फडकंही तेच. बादलीत पिळताना मनात आलं, इथं पाण्यात तर दोघांचं एक होतंय. पण माझ्या मनात येऊन काय उपयोग.

भाऊजींचं सुरू झालं ते काही ठरवून नाही. एक दिवस लिफ्ट बंद होती, म्हणून धुतलेल्या चादरींची गाडी ढकलत ते माझ्या व्हरांड्यातून निघाले. जोडीदार रजेवर. चादरी नुसत्या ढिगानं टाकलेल्या, घड्या व्हायच्या होत्या. तिथं आतल्या पोराचा काका उभा होता. भिंतीवर मूठ आपटत होता, हळू, पण थांबत नव्हता. बरोबरचे गाडी काढायला गेलेले. भाऊजींनी मला हाक मारली, तर माझे हात फिनेलचे. मग ते सरळ त्या काकाला म्हणाले, "अहो पाहुणे, जरा टोक धरता का? एकट्याला जमत नाही."

मी मनात म्हटलं, आज यांची मिशी यांच्या हातात येते.

तर त्या माणसानं धरलं. कुणी धर म्हटलं की हात आपोआप पुढं जातोच बघ, विचार नंतर येतो. दोघांनी एक घडी घातली. दुसरी घातली. भाऊजी, ज्यांचं तोंड झोपेतही चालू असायचं, ते एक अक्षर बोलले नाहीत. नुसतं पुढं यायचं, मागं जायचं. बऱ्याच चादरी झाल्यावर तो काका आपणहून म्हणाला, "माझ्याच सायकलवर शिकला तो चालवायला." भाऊजी म्हणाले, "हं. खालचं टोक उचला." तेवढ्यात बरोबरचे आले, चल म्हणाले. काका म्हणाला, "थांबा रे, एवढं होऊ दे."

मी फडकं हातात धरून खुळ्यासारखी बघत राहिले. जीव घ्यायला निघालेला माणूस, आणि म्हणतो, एवढ्या चादरी होऊ दे. आणि चादरी संपेपर्यंत आतून निरोप आला की पोरगं शुद्धीवर आलंय, काका म्हणून हाका मारतंय. मग कसला जातोय तो.

हे दारातून आणखी एकानं बघितलं होतं. आमच्या भागाचे फौजदार जबाब घ्यायला आले होते. ते भाऊजींना म्हणाले, "काय सांगितलंस त्याला?"

"काही नाही साहेब."

"मग तो गेला का नाही?"

"चादरी राहिल्या होत्या."

फौजदारांनी घड्यांच्या गठ्ठ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "उद्या परत आण चादरी."

त्या वर्षी सरकारनं पोलिसांसाठी आणि कोर्टांसाठी जो पैसा काढला, त्यातला थोडा वेगळा ठेवला होता. मारामारी झाल्यावर धावायचं ते आहेच, पण व्हायच्या आधी थांबवता येते का ते बघा, म्हणून. फौजदारांनी खटपट केली आणि त्यातून भाऊजींची नेमणूक झाली. नेमणुकीचं नाव एवढं लांब की पाटीवर दोन ओळींत मोडून लिहिलं, तरी शेवटचं अक्षर भिंतीवर गेलं. भाऊजी येणाऱ्या-जाणाऱ्याला पाटीखाली उभे राहून दाखवायचे. टेबल मिळालं, खुर्ची मिळाली, कपाट मिळालं, गळ्यात घालायचं फोटोचं कार्ड मिळालं. फोटोत मिशी नीट आली नाही म्हणून तो परत काढायला लावला. भिंतीवर डकवायला चित्रं मिळाली, खांद्यावर हात टाकून हसणाऱ्या माणसांची. नुसत्या चादरी तेवढ्या मिळाल्या नाहीत. त्या कुणाच्या डोक्यातच आल्या नव्हत्या.

आणि गंमत बघ, त्याच सुमाराला धुलाईत घड्या घालायचं मशीन आलं. चादर एका तोंडानं आत, दुसऱ्या तोंडानं घडी बाहेर, गरमागरम. मग भाऊजी काय करायचे? त्या घड्यांचा गठ्ठा उचलायचे, व्हरांड्यात आणायचे, एकेक चादर झटकून मोकळी करायचे आणि मग कुणाला तरी म्हणायचे, जरा टोक धरता का. धुलाईच्या मुकादमाचं डोकं फिरलं. तो तरातरा आला.

"मामा, तुम्ही घातलेल्या घड्या मोडता?"

"मोडतो."

"आणि परत घालता?"

"परत घालतो."

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"डोकं आहे हो. चादरी तुमच्याकडं आहेत, म्हणून तुमच्या पाया पडावं लागतं."

मुकादमानं वर तक्रार केली. दवाखान्यात हसायला विषय झाला. नवीन सिस्टर आली की तिला आधी तेच दाखवायचे, ते बघ, घातलेल्या घड्या मोडणारे मामा. भाऊजींना त्याचं काही नाही. उलट मिशीला पीळ.

त्यांचा एक कायदा होता. कुणी मारलं, का मारलं, कुणाचं नाव, हे कधी विचारायचं नाही. फौजदारांना ते सुरुवातीला रुचलं नाही. म्हणाले, "तुझ्यासमोर बोलतात ना सगळं? मग मला नको कळायला?" भाऊजी म्हणाले, "साहेब, मी तुम्हाला एक नाव दिलं की उद्यापासून माझ्या चादरीला कोण हात लावील? नावं हुडकायला तुम्हाला ठेवलंय, मला नाही." फौजदार लालेलाल झाले. पण गडी समजूतदार. त्या दिवसापासून व्हरांड्यात पाय टाकायच्या आधी ते दारात थांबून भाऊजींकडं बघायचे. भाऊजींनी मान हलवली तरच आत, नाहीतर आल्या पावली मागं. खाकीतला फौजदार असा थांबतो, हे मी डोळ्यांनी बघितलं नसतं तर मलाही खोटं वाटलं असतं.

सगळेच थांबले असं मात्र लिहू नकोस. एकानं तर चादर टराटरा फाडली आणि गेला. त्या दिवशी भाऊजींनी ती फाटकी चादर एकट्यानं घडी करून ठेवली आणि घरी येऊन जेवले नाहीत. पण थांबणारे जास्त होते. माझं फडकंच सांगायचं ते.

तर हा पैसा कायमचा नव्हता, मुदतीचा होता. मुदत संपायला आली आणि बातमी आली की वरून माणसं बघायला येणार, पुढं पैसा द्यायचा की नाही ते ठरवायला. एक अधिकारी बाई आणि त्यांच्याबरोबर हिशेबाचे साहेब. मुकादमाची तक्रार त्यांच्यापर्यंत पोचलेली. आणि त्यात आणखी गोम अशी की फौजदारांची गाडी पार खिळखिळी झाली होती, ढकलल्याशिवाय सुरू व्हायची नाही. त्यांनी नवी मागितलेली, तीही त्याच पैशातून. म्हणजे गाडी तरी, नाहीतर भाऊजी तरी. नाही म्हणाले तर भाऊजी गेटवर राखणीला जाणार, खुर्ची उचलणार, आणि माझा व्हरांडा पहिल्यासारखा. भाऊजींना गेटवर बसायची लाज वाटत होती. मला भीती होती ती व्हरांड्याची.

भाऊजींनी भाषण पाठ केलं. आमच्या स्वयंपाकघरात ओट्यासमोर उभे राहून रोज म्हणून दाखवायचे. "आदरणीय बाईसाहेब आणि साहेब," इथून सुरुवात. तुझे आजोबा म्हणाले, "अरे, निवडणुकीला उभा आहेस का?" पण मला ते आवडायचं. ऐकून ऐकून मलाही पाठ झालं होतं.

तो दिवस आला. दुपारची वेळ. भाऊजींनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. वरच्या हॉलमध्ये माणसं येऊन बसली, पंखे लागले, चहा गेला. भाऊजींना वर बोलावणं यायचं, तेवढ्यात स्ट्रेचर आलं.

विशीतलं पोरगं. पोटात चाकू मारलेला. मागं आई, आणि तिच्या मागं मोठा भाऊ. टायर बदलायच्या दुकानातून तसाच पळत आलेला, कोपरापर्यंत हात काळे. शर्ट बाहेर होता आणि कमरेपाशी काहीतरी कडक दिसत होतं. इतकी वर्षं ते बघितलं की मला न सांगता कळतं. गेटवर त्याचे मित्र मोटरसायकली चालूच ठेवून उभे.

भाऊजींनी एकदा जिन्याकडं बघितलं, एकदा त्या मोठ्या भावाकडं. मग गठ्ठ्यातली वरची घडी उचलली आणि झटकून मोकळी केली. "धर रे जरा."

तो म्हणाला, "हात काळे आहेत माझे. घाण होईल."

"धुवायला मशीन आहे. धर तू."

धरली त्यानं. पांढऱ्या चादरीच्या दोन टोकांना दहा काळी बोटं उठली. पुढं आले, मागं गेले. त्याच्या खिशात फोन वाजायला लागला. वाजून थांबला, परत वाजला.

वरचा शिपाई आला. "मामा, वर बोलावलंय."

"येतो म्हणावं."

जरा वेळानं परत आला. "मामा, साहेब घड्याळ बघतायत."

"बघू दे. चांगलं असेल घड्याळ."

 मी बादली सरकवत जवळ गेले आणि हळूच म्हटलं, "भाऊजी, जा हो. तुमच्या पोटाचं आहे." त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. तोंडातल्या तोंडात म्हणाले, "वहिनी, याच्या पोटचं नको का बघायला? दोन पोरं आहेत त्याला. आत्ताच बोलला." आणि पुढची घडी मोडली.

शेवटी ती माणसंच खाली आली. बाई पुढं, साहेब मागं, त्यांच्या मागं फौजदार. फौजदार सवयीनं दारात थांबले. भाऊजींनी मान नाही म्हणून हलवली. फौजदार तसेच मागं सरकले. पण बाईंना आणि साहेबांना ही रीत काय ठाऊक, ते सरळ आत आले. साहेब भाऊजींकडं बोट करून म्हणाले, "हे बघा, घातलेली घडी मोडतायत. तक्रारीत लिहिलंय ते खरंच आहे." बोलणं मोठ्यानं. त्या पोराच्या हातातली चादर ढिली पडली.

आणि नेमके त्याच वेळी डॉक्टर बाहेर आले, ऑपरेशनला आईची परवानगी घ्यायला. आई उठली ती उठतानाच कोसळली. मी धावले, पण ती आई अंगानं भरलेली, मला एकटीला आवरेना. भाऊजींनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. हातात दोन टोकं. समोर उभं असलेलं पहिलं माणूस म्हणजे अधिकारी बाई. भाऊजींनी ती टोकं त्यांच्या हातात दिली. "बाई, धरा. सोडू नका."

मी म्हटलं, गेली नोकरी.

बाईंनी आपली पर्स साहेबांच्या हातात दिली आणि चादर धरली.

आता इथून नीट लिही, मी हळू सांगते. आईचा अंगठा घेऊन डॉक्टर आत गेलेत, भाऊजी आणि मी तिला धरून बाकावर पाणी पाजतोय, साहेब बाईंची पर्स छातीशी धरून उभे, आणि व्हरांड्याच्या मधोमध त्या बाई आणि ते टायरवालं पोरगं. दोघंही नुसते उभे. मग तोच म्हणाला, "तुम्ही उलटी धरलीय."

बाईंनी बाजू बदलली. म्हणाल्या, "घरी मी एकटीच घालते. पलंगावर पसरून."

"आमच्याकडं आम्ही दोघं भाऊ घालतो," तो म्हणाला. "तो मध्येच टोक सोडून पळतो."

 बाई आपली टोकं घेऊन चालत त्याच्याजवळ गेल्या आणि त्याच्या हातात दिली. तेवढं बरोबर कसं सुचलं त्यांना कोण जाणे. त्यांच्या बोटांना काळं लागलं, त्यांनी पुसलं नाही. दुसरी चादर घेतली. खिशातला फोन परत वाजायला लागला. बाई म्हणाल्या, "घ्यायचा आहे का?" तो म्हणाला, "हात गुंतलेत."

मग गेटवरनं त्याचा मित्र पळत आला. धापा टाकत म्हणाला, "अरे चल ना. सापडलाय तो. घरातच आहे."

ती घडी मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्या पोरानं मित्राकडं बघितलं. ऑपरेशनच्या दाराकडं बघितलं. मग हातातल्या चादरीकडं. बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग गेला होता. आता त्यांना कळलं होतं की आपण कुणाबरोबर काय करतोय. पण त्यांनी टोकं सोडली नाहीत. भाऊजी बाकावर आईचं डोकं धरून बसलेले. उठले असते, बोलले असते. नाही उठले. नुसते बघत होते, आणि त्यांच्या कपाळावरचा घाम मिशीत उतरत होता.

पोरगं म्हणालं, "ही झाली की."

"काय झाली की?"

"ही चादर."

मित्रानं त्याच्याकडं असं बघितलं, जसं काही याचंच डोकं फुटलंय. "मग आम्ही होतो पुढं."

"कुणी हलायचं नाही," पोरगं म्हणालं. आवाज असा की व्हरांडा दणाणला. "भाऊ माझा आहे. मी आल्याशिवाय कुणी हललं तर माझ्याशी गाठ आहे."

मित्र गेला. गेटवर जाऊन सांगितलं असणार, कारण एकेक करून मोटरसायकली बंद झाल्या. मी खिडकीतून बघितलं. सगळे याची वाट बघत उभे, आणि हा एका अनोळखी बाईबरोबर घड्या घालतोय. एकानं कंटाळून सीटवर पाय टाकले. दुसरा कुणाशी तरी फोनवर भांडायला लागला, दळण आणायचं राहिलं म्हणून. ऊन सरकत होतं. काहीही होत नव्हतं. मला त्या काहीच न होण्याकडं बघून अंगावर काटा आला. एवढं मोठं काही मी आयुष्यात बघितलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, "रक्त थांबलंय. अजून धोका आहे, पण श्वास चांगला आहे." आईनं भाऊजींचा इस्त्रीचा शर्ट धरून हंबरडा फोडला. पोरगं जागीच खाली बसलं. दारात फौजदार परत येऊन उभे होते, टोपी काखेत. भाऊजींनी आता मान हलवली. फौजदार आत आले, त्या पोरासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "धरलाय त्याला आम्ही. घरातच सापडला. आता कोर्टात उभं राहून बोलायचंय, आणि ते तुलाच बोलायचंय. तू बाहेर असशील तरच बोलता येईल."

पोरानं काळ्या हातांनीच चेहरा पुसला. मग उठलं, फौजदारांकडं पाठ करून माझ्याजवळ आलं आणि हळूच म्हणालं, "मावशी, हे बादलीत टाकू का?"

म्हटलं, "टाक. पाणी घाणच आहे."

कमरेचं काढून टाकलं. खळकन वाजलं. फौजदार मुद्दाम खिडकीबाहेर बघत होते.

मग बाई खुर्चीवर बसल्या, भाऊजींच्याच. म्हणाल्या, "तो गेला असता का हो?"

भाऊजींना वाटलं, आता बोलायची वेळ आली. शर्ट ओढून सरळ केला, घसा खाकरला. "आदरणीय बाईसाहेब आणि साहेब," म्हणाले, आणि पुढचं सगळं विसरले. मी मागून ओठ हलवून सांगत होते, पण ते माझ्याकडं बघतील तर ना. मग म्हणाले, "माहीत नाही बाई."

"मग तुम्ही थांबवलंत असं कसं म्हणायचं?"

"म्हणू नका. मी तरी कुठं म्हणतोय?"

साहेब तसे वाईट नव्हते. पर्स परत देत म्हणाले, "मला एवढंच सांगा, मी वर काय लिहू? गाडी घेतली तर गाडी दिसते. जे झालंच नाही ते कसं दाखवायचं?"  बाईंनी आपल्या काळ्या बोटांकडं बघितलं. बाई जाताना एवढंच म्हणाल्या, "मी एकटी ठरवणारी नाही. पण आज कुठं होते ते मी सांगेन."

धाकटं पोरगं वाचलं. कोर्टात केस उभी राहिली तेव्हा मी आणि भाऊजी मुद्दाम गेलो. मोठा भाऊ साक्षीला उभा राहिला. हात घासघासून धुतलेले, तरी नखांत काळं होतंच. वकिलानं त्याला उलटसुलट विचारून घाम फोडला. तो चिडला नाही. जे बघितलं ते सांगितलं, जे नव्हतं बघितलं ते माहीत नाही म्हणाला. मारणाराही तिथंच उभा होता, कोवळं पोर, त्याची आईही आमच्याच बाकावर.  मला वाटलं, या दोन्ही बायांची पोरं आज जिवंत आहेत. एकीला तर ते ठाऊकही नाही की तिचं का आहे.

पैशाचं मात्र कळेना. खुर्ची आज उचलतात की उद्या, असं चाललेलं. भाऊजींनी गेटच्या राखणदाराची काठीसुद्धा हातात घेऊन बघितली. म्हणाले, "वजनाला बरी आहे."

मग एक दिवस मी बाहेरच्या नळावर बादली भरत होते, तर फौजदार गाडी ढकलत आत आले. स्वतः मागून, हवालदार स्टिअरिंगवर. घामाघूम. मी म्हटलं, "साहेब, नवी नाही आली अजून?"

"नाही येणार," ते म्हणाले. "पैसा तुमच्या दिराला गेला. मला विचारलं त्यांनी, गाडी की माणूस. मी म्हटलं, गाडी ढकलता येते." रुमालानं मान पुसली. "तुम्हीच सांगा त्याला. मी सांगितलं तर डोक्यावर बसेल."

मी बादली तशीच टाकली आणि आत पळाले. म्हातारपणात पळाले. म्हटलं, सगळ्यांच्या आधी मी सांगणार.

व्हरांड्यात एक म्हातारा होता. त्याच्या मुलाला आणलं होतं, नुकतंच. म्हातारा काठीसारखा ताठ, डोळे कोरडे, बरोबरची तरुण पोरं त्याच्या तोंडाकडं बघत उभी, हा काय म्हणतो म्हणून. भाऊजी चादरीची दोन टोकं धरून त्याच्यासमोर उभे होते. म्हाताऱ्यानं अजून धरली नव्हती. भाऊजी तसेच, हात पुढं करून. ओढत नव्हते, बोलत नव्हते.

माझ्या ओठांवर आलेलं मी गिळलं आणि भिंतीला टेकून उभी राहिले.  किती वेळ गेला कोण जाणे. मग म्हाताऱ्यानं काठी बाकाला टेकवून ठेवली आणि दोन्ही हात पुढं केले.